न्हाणी, विसण आणि माकडहाडावरचा लाल डाग

प्रश्न : सिस्टर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन मला दीड वर्ष झालं. दोन महिन्यांपासून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात घरी जाऊन एका आजींची शुश्रूषा करते. वय ७६, पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी आहे, बोलणं जवळजवळ बंद. मधुमेह जुना, सकाळी इन्सुलिन, लघवीला नळी. घरच्यांना रोज न्हाणीत नेऊन डोक्यावरून कडक पाण्याची आंघोळ हवी, पाण्यात डेटॉल हवं. आजी ओरडतात, डाव्या हाताने मारतात. माकडहाडावर लाल डाग आलाय, त्यावर सूनबाई रोज तेल चोळतात. मला शिकवलंय वेगळं, पण त्या घरात माझं ऐकणार कोण?

उत्तर :

तू वयाने माझ्या मुलीएवढी असणार, म्हणून एकेरीच लिहिते. आधी बेळगावात वॉर्डात आणि नंतर घरोघरी जाऊन, मिळून २७ वर्षं मी हेच काम केलंय.

सगळ्यात आधी, उद्या आजींना न्हाणीत नेऊ नको. तो लाल डाग काय आहे ते नक्की कळेपर्यंत आणि उचलायला धडधाकट दुसरं माणूस मिळेपर्यंत तरी नकोच. ओली फरशी, प्लास्टिकची खुर्ची, अर्धं अंग लुळं आणि तू एकटी. खुर्ची एकदा सरकली की आजींचा खुबा आणि तुझी कंबर दोन्ही कामातून जातात. अंथरुणातच अंग पुसून काढ. नीट केलं तर त्यात काही कमी नाही.

रोज आंघोळ हवीच का, असं विचारशील तर वैद्यकाच्या हिशेबाने नको. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी आणि पातळ असते, रोज साबण लावून ती आणखी फुटते. रोज करायचं ते एवढंच : तोंड, डोळे, हात, काखा, स्तनांच्या खाली, पोटाची वळी, जांघा, मागची बाजू आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या. पूर्ण अंग आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. पण हे असं तोंडावर सांगायला जाशील तर दुसऱ्या दिवशी तुला रजा मिळेल. सूनबाईंना आजी पारोशा राहिलेल्या चालणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर आजींनाही चालणार नाही. सगळा जन्म आंघोळ झाल्याशिवाय चूल पेटवली नाही अशी ती बाई. म्हणून मी "आंघोळ नको" असं कधीच म्हणत नाही. "आज आंघोळ अंथरुणातच करूया" असं म्हणते. तांब्या, घंगाळ, सगळं पलंगाजवळ मांडते, पुसून झाल्यावर कुंकू लावते, देवाचा अंगारा लावते. घरच्यांच्या लेखी आंघोळ झाली.

ह्याच पारोशेपणाला जोडून एक धोका आहे, तो तुझ्या पत्रात नाही, पण तुझ्या घरात नक्की असणार. इन्सुलिन सकाळी किती वाजता टोचतेस आणि नाश्ता किती वाजता मिळतो? आंघोळ-पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असा त्या घराचा रिवाज असेल, तर इन्सुलिन सातला, आंघोळ साडेसातला, आणि पेज येईपर्यंत साडेआठ. मधल्या वेळात साखर घसरते. चांगलं माणूस "घाम फुटला वो, हात कापायला लागले" असं सांगेल. आजी सांगू शकत नाहीत. त्या फक्त गप्प होतात किंवा उलट हात उगारतात, आणि आपण म्हणतो, आज म्हातारीचा मूड नाही. आधी तोंड आणि हात धुऊन पेज-उपीट दे, पोट भरल्यावर तासाभराने अंग पूस. एवढंही घरात मान्य होत नसेल तर इन्सुलिनची वेळ पुढे नेता येईल का ते डॉक्टरांना विचारून घे, आपल्या मनाने बदलू नको. आणि ज्या दिवशी आजी मारायला उठतील त्या दिवशी पहिल्यांदा ग्लुकोमीटर काढ.

आता पाणी. ह्यावर जरा जास्त लिहिते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक पाण्यातच झाली. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका मधुमेही आजोबांचे पाय धुवायचे होते. गरम पाणी घरच्यांनी आणून ठेवलं, मी हात घालून बघितला, बरं वाटलं, पाय टबात ठेवले. आजोबा म्हणाले, "छान वाटतंय." सकाळी दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड. माझ्या हातात हातमोजे होते, तेही दोन, एकावर एक. मोज्यांमुळे मला पाण्याची खरी धग कळलीच नाही, आणि त्यांच्या पायांना संवेदना नव्हती, म्हणून त्यांनाही कळली नाही. फोड भरायला अडीच महिने लागले. रागावण्यापेक्षा ते आजोबा मलाच समजावत होते, ते अजून टोचतं.

साधारण ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजतं. ४९ अंशांना तेवढंच भाजायला पाच मिनिटांच्या पुढे लागतात. म्हाताऱ्या कातडीला दोन्हीकडे त्याहून कमी वेळ पुरतो. चुलीवरच्या हंड्यातलं किंवा बंबातलं पाणी सहज ६० च्या वर असतं. आपल्याकडे आधी कडक पाणी ओतायचं आणि मग त्यात विसण, म्हणजे थंड पाणी, घालायचं अशी रीत आहे. विसण घालायच्या आधी कुणी हाक मारली, फोन वाजला, नातवंडाने बादलीत हात घातला की झालं. रीत उलटी कर. बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात वरून कडक पाणी थोडं थोडं. ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान पाणी हवं. पाण्याचा थर्मामीटर फार महाग नसतो, तुझ्या पिशवीत एक असू दे. नसेल तर मोजे काढून कोपर बुडव. मग आजींचा डावा, चांगला हात त्या पाण्यात घाल आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. उजव्या हातापायावर पाण्याची परीक्षा करायची नाही, तिकडून उत्तर येणार नाही. गरम पाण्याची रबरी पिशवीही त्या बाजूला लावू नको, कितीही थंडी पडो.

(पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात बरेच जण म्हाताऱ्या आईवडिलांना शहरात टिळकवाडीला नाहीतर अनगोळला मुलाच्या फ्लॅटवर नेतात. तिथल्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल आणि दार-खिडकी बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत रुग्ण आणि तू दोघीही कोसळाल. बाहेर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा आणि मगच रुग्णाला आत न्यायचं.)

डेटॉलचं थोडक्यात. नको. धडधाकट कातडीला त्याचा फायदा नाही, कातडी कोरडी पडते, कमी पाण्यात जास्त पडलं तर भाजतेही. आपल्या कातडीचा वरचा थर थोडा आंबट असतो, साधारण ४.५ ते ५.५ सामू (पीएच). अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. म्हणून मऊ, कमी फेसाचा साबण, तोही काखा-जांघांपुरता, आणि तो पूर्ण पुसून काढायचा. घरच्यांना वासाशिवाय चैन पडत नसेल तर ते औषध फरशी पुसायच्या पाण्यात घालू दे. टाल्कम पावडरही बंद. वळीत ती घामाने घट्ट होते आणि खडबडीत कागदासारखी घासते. पुसणं म्हणजे टिपणं, घासणं नव्हे. कातडी सुकली की साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने लाव. बोटांच्या बेचक्यांत मात्र काहीही लावू नको, तिथे कोरडंच हवं.

आता तो लाल डाग.

त्यावर चोळणं आजपासून बंद. सूनबाई प्रेमाने चोळतात हे मला कळतं, आपल्याकडे दुखऱ्या जागी तेल जिरवणं हेच पहिलं औषध. पण हाडावरच्या लाल जागेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात. वरून चोळलं की त्या फुटतात. वर लाली दिसते तोवर आत मांस मरत असतं.

बघायचं कसं ते सांगते. आजींना डाव्या कुशीवर वळव, दार उघड, दिवसाच्या उजेडात बघ. माजघरातल्या ट्यूबलाइटखाली लाल, जांभळं, सगळं सारखंच दिसतं. डागावर बोट दोन-तीन सेकंद दाबून उचल. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर वेळेवर सापडलं समज. लालीच राहिली, फिकट पडलीच नाही, तर तो बेडसोअरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. आपल्या सावळ्या कातडीवर हे फिकट होणं नीट दिसत नाही, पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. म्हणून हाताच्या पाठीने शेजारच्या जागेशी ताडून बघ : गरम लागतंय का, टणक झालंय का, पिठाच्या गोळ्यासारखं लिबलिबीत लागतंय का, हात लावल्यावर आजी तोंड वाकडं करतात का. जांभळट किंवा काळपट दिसलं, फोड आला, कातडी उघडली, तर त्याच दिवशी डॉक्टर. पट्टीने डागाची लांबी-रुंदी मोजून वहीत लिही, तारीख घाल. उद्या "सिस्टर आल्यापासून झालं" असं कुणी म्हणालं तर ती वहीच तुझ्या बाजूने बोलेल.

हा डाग नुसता दाबाने आलाय की ओलाव्याने, हेही बघ. हाडावर, गोलसर, कडा ठळक असेल तर दाबाचा. दोन्ही नितंबांच्या फटीत पसरलेला, कडा अस्पष्ट, वरची साल निघाल्यासारखी असेल तर शौचाच्या ओलाव्याचा. नळी असल्यामुळे लघवी बाहेर येत नसेल, पण डायपर चार-पाच तास तसाच राहत असेल तर शौच पुरेसं आहे. त्यासाठी दर दोन तासांनी डायपर उघडून बघ, शौच झालं की लगेच कोमट पाण्याने स्वच्छ कर, टिप, आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात लाव. पुढच्या वेळी सगळं मलम खरवडून काढायचं नाही, मळलेला वरचा थर तेवढा पुसायचा.

दाब काढायचा तर दर दोन तासांनी कूस बदलायची. थेट खुब्याच्या हाडावर पूर्ण आडवं नाही करायचं, पाठीमागे उशी घालून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. उजव्या, लुळ्या कुशीवर वेळ कमी. टाचा अधांतरी हव्यात : पोटरीखाली उशी, टाच उशीच्या बाहेर. आणि चुंबळ नको. घागर डोक्यावर घेताना ठेवतात तशी कापडाची चुंबळ करून माकडहाडाखाली नाहीतर टाचेखाली सरकवलेली मी कितीतरी घरांत बघितलीय. दुकानात मिळणारी हवेची गोल रिंगही तीच गोष्ट. मधला भाग मोकळा राहतो खरा, पण कडेने गोल आवळला जाऊन आतलं रक्तच थांबतं. आजी नऊवारी नेसत असतील तर कासोट्याची जाड घडी बरोबर त्या डागावर येते, तेही एक कारण असेल. पुढून उघडणारा गाऊन शिव म्हणून सांग. खाली वाकळ असेल तर तिचे गाठीचे टाके कुठे येतात ते हात फिरवून बघ. मेणकापड थेट कातडीला लागू देऊ नको, वर सुती चादर हवीच. अंथरुणात वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. कंबरेखाली आडवी चादर ठेव, दोघींनी दोन्ही टोकं धरून उचलून सरकवा. ओढलं की कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे जातं, बेडसोअर अर्धा तिथेच होतो.

वॉर्डात आम्ही बेडसोअरचा धोका मोजायला ब्रेडन स्केल भरायचो : संवेदना, ओलावा, उठबस, हालचाल, आहार, घर्षण अशा ६ गोष्टी, एकूण ६ ते २३ गुण, १८ किंवा त्याखाली आलं की धोका. आजींचे गुण तू स्वतः भरून बघ. आकडा दिसला की मुलगा ऐकतो, हा माझा अनुभव आहे. "आई नाजूक झालीय" ह्यापेक्षा "२३ पैकी ११" हे पुरुषमाणसांना लवकर कळतं, का कोण जाणे.

मारतात म्हणालीस. अर्धांगात उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूची डावी बाजू दुखावलेली असते, आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. म्हणजे आजींना कळतं पण शब्द येत नाहीत, असं धरूनच वाग. शिवाय उजवीकडचं नीट दिसत नसण्याची शक्यता आहे. तू त्या बाजूने गेलीस आणि एकदम ओला फडका अंगावर आला तर कुणीही हात उगारेल. डावीकडून जा, समोर ये, आधी बोल, फडका दाखव, मग लाव. शक्य असेल तर तो फडका त्यांच्याच डाव्या हातात दे आणि तोंड त्यांना पुसू दे. अर्धं तोंड राहील, राहू दे. उजवा खांदा दुखत असणार, लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही. कपडे काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा हात आधी, हे तुझ्या अभ्यासात होतं, ते विसरायचं नाही. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा, बाकी सगळं चादरीखाली. नातवंडं, शेजारीण, दूधवाला, सगळे बाहेर. गावात दार उघडंच असतं, त्यामुळे हे सांगावं लागतं, आणि लाजेपोटी आजी ओरडत असतील तर त्यांना ते तोंडाने सांगता येत नाही.

तुझं मराठी आजींना कळतं, हे मोठं भाग्य समज. आमच्या वॉर्डात एका कॉटवर बैलहोंगलचं कानडी माणूस, शेजारच्या कॉटवर चंदगडचं मराठी. मला कानडी येत नव्हतं तेव्हा एका बाईला मी पुसत होते आणि ती "उरी, उरी" म्हणत होती. मला वाटलं कुणाला तरी हाक मारतेय. तिच्या जखमेची आग होत होती. नंतर मी पाठच केलं : नोवु म्हणजे दुखणं, उरी म्हणजे आग, तुरिके म्हणजे खाज, बिसी म्हणजे गरम, साकु म्हणजे पुरे. तुझ्या कानडी मैत्रिणी मराठी पेशंटकडे जात असतील तर त्यांनाही अशी पाच मराठी मिळव. आजींसाठी मात्र खुणा ठरव. डाव्या हाताने चादर दाबली की थांबायचं, आणि त्यांनी दाबली की खरंच थांबायचं.

नळीचं : सरळ साबणपाणी, दिवसातून एकदा आणि शौच झाल्यावर. बाईमाणसाला कायम पुढून मागे, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू. नळी शरीराजवळ धरून ठेव आणि शरीरापासून बाहेरच्या दिशेने पूस. मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांध म्हणजे कूस बदलताना आत ओढ बसत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कूस बदलताना सोयीसाठी ती पोटावर ठेवू नको, लघवी उलटी आत जाते. धुवायला म्हणून नळी आणि पिशवीचा जोड उघडू देऊ नको. पिशवी दोनतृतीयांश भरली की रिकामी. तीन-चार तास थेंब नाही, तर आधी नळी कुठे मुडपलीय का बघ, मग फोन. पुढे कधी पुरुष रुग्ण मिळाला तर एकच लक्षात ठेव : मागे घेतलेली कातडी पुसून झाल्यावर पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सुजून रक्त अडतं, आणि तो इमर्जन्सीचा मामला.

तोंडाकडे तू दुर्लक्ष करत असशील, कारण सगळेच करतात. जेवण झालं की टॉर्च घेऊन उजव्या गालाच्या आत बघ. भात, भाकरीचा तुकडा तिथे साठून राहतो, आजींना तो कळत नाही, आणि आडवं केलं की श्वासनलिकेत जातो. अशा रुग्णाला न्युमोनिया होतो तो पुष्कळदा तोंडातून. बसतं करून, मान किंचित पुढे, मऊ ब्रश, पेस्ट वाटाण्याएवढीही नको, थोडं पाणी. दातांमध्ये बोट घालायचं नाही. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेव. आजी मशेरी लावणाऱ्या असतील (निपाणीच्या तंबाखूच्या आसपास वाढलेल्या आपल्या बायकांत किती जणी लावतात हे तुला सांगायला नको) तर गालात, हिरड्यांवर पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसते का तेही त्याच टॉर्चमध्ये बघ आणि दिसली तर डॉक्टरांना दाखव. मशेरीचा हट्ट धरल्या तर? मी देत नाही, गिळायला नीट येत नसताना मुळीच नाही. पण त्यांच्या समोर डबी फेकायचीही नाही.

केसांचं लिहिते, कारण ह्या भागात तो नुसता केसांचा प्रश्न नाही. पाच महिने उशीवर डोकं घासून मागचे केस गुंततात, तेल-घामाने त्यांचा गोळा होतो. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीची यल्लम्मा आहे. जट आली म्हणजे देवीचं बोलावणं, असं मानणारी घरं आजही आहेत. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने मुलींना देवीला देवदासी म्हणून सोडायला बंदी आली, पण जटेची भीती कायद्याने जात नाही. एका घरात माझ्याबरोबरच्या मुलीने चांगल्या मनाने तो गोळा कात्रीने कापला, आणि पुढचे दोन महिने त्या घरातलं सगळं आजारपण तिच्या माथी आलं. मी कात्री लावत नाही. खोबरेल तेल भरपूर लावून रात्रभर ठेवते, दुसऱ्या दिवशी टोकाकडून वर, मोठ्या दाताच्या फणीने, रोज दोन बोटं एवढंच सोडवते. चार-पाच दिवसांत बहुतेक सुटतं, घरच्यांच्या डोळ्यांदेखत सुटतं, आणि गुंता होता हे न सांगता कळतं. नाहीच सुटलं आणि खाली कातडी पिकायला लागली, तर घरातल्या थोरल्या बाईची संमती घेऊन, तिच्या हाताने पहिली कात्री. एरवी दोन सैल वेण्या कानांच्या बाजूला घाल, डोक्याखाली गाठ येता कामा नये. डोकं धुणं आठवड्यातून एकदा, दुपारी, ऊन असताना.

तुझं गाव जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला असेल तर जूनपासून कपडे वाळणार नाहीत. ओलसर धडपं (फडकं) जांघेत गेलं की चार दिवसांत बुरशी. चुलीजवळ सुकवून वर इस्त्री फिरवलेलीच धडपी वापर. बादल्या दोन, तांबे दोन, वेगवेगळ्या रंगांचे : एक तोंड-अंगाचा, एक खालच्या भागाचा, आणि त्यांची आयुष्यात कधी अदलाबदल करायची नाही. वापरल्यावर धुऊन उपड्या करून सुकव, ओल्या बादलीत जंतू वाढतात आणि उद्या तेच आजींच्या अंगावर येतात. डोळे नाकाकडून कानाकडे, दर डोळ्याला वेगळा कापूस. खालची बाजू झाली की मोजे टाक, हात धू, मगच दुसरं काही. साबणाने ४० ते ६० सेकंद, हात मळलेले नसतील तर सॅनिटायझर २० ते ३० सेकंद. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेव. आजींच्या पायांतली जोडवीही बघ. मधुमेही पाय सुजला की जोडवं बोटात रुततं आणि आजींना पत्ता नसतो. काढायची तर आजींना आणि सूनबाईंना विचारून, देवापुढे ठेवायला दे.

राहिलं ऐकणार कोण हे. मुलाशी वाद घालू नको, सूनबाईंना हाताशी धर. पाच महिने ती बाई एकटी करतेय, आणि तू येऊन चुका काढणार. तेलाची वाटी तिच्या हातातून काढून घेऊ नको, तिला पोटऱ्या सोडून मांड्या, दंड, पाठीचा वरचा भाग हलक्या हाताने लावायला दे. पोटरी का नको? पडून असलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाते. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम दिसली तर त्याच दिवशी कळव. डाग आणि त्याची मापं ज्या संस्थेने तुला पाठवलंय तिला आणि डॉक्टरांना लिहून दे, तोंडी नको. कूस बदलायचं वेळापत्रक मराठीत लिहून उपयोग होईलच असं नाही, घरातला नातू कानडी शाळेतला असू शकतो. भिंतीवर घड्याळ काढ आणि काट्यांच्या जागी डावी कूस, पाठ, उजवी कूस अशी तीन चित्रं. नातवालाच काढायला सांग, मग तोच सगळ्यांना ओरडतो.

तुझी सुट्टी कधी असते ते लिहिलं नाहीस. त्या दिवशी हे सगळं सूनबाई करणार, तेव्हा आदल्या दिवशी तू हात मागे बांधून उभी राहा आणि तिला करू दे. पाणी थंडात गरम मिसळतेय का आणि उजव्या खांद्याला ओढतेय का, एवढ्या दोनच गोष्टींत बोल. बाकी वाकडंतिकडं झालं तर होऊ दे. आणि चार दिवसांनी डागाचं माप कळव, बोट दाबल्यावर फिकट होतो की नाही तेही.